दुसऱ्या खात्यातील पोथी : क्लाउड साठवणीतील प्रवेशाधिकाराचे स्वरूप

१

मराठीच्या तौलनिक अभ्यासाची साधने एका ठिकाणी नाहीत, हे महाराष्ट्राबाहेर अध्यापन करणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील पोथ्या, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आणि यांखेरीज अनेक खाजगी घरांत पडून असलेली बाडे, असा हा पसारा आहे. पूर्वी नक्कल उतरवून घेण्यासाठी अभ्यासक प्रवास करीत असे. आता पानाची प्रतिमा प्रवास करते. दोन विद्यापीठांच्या संयुक्त प्रकल्पात तर बहुधा असे घडते की, प्रतिमा एका विद्यापीठाच्या क्लाउड खात्यात असतात आणि त्यांचे लिप्यंतर करणारे अभ्यासक दुसऱ्या विद्यापीठाच्या खात्यात. अशा वेळी आपल्या खात्यातील सामग्री परक्या खात्यातील व्यक्तीस किती, कशी आणि कोठवर उघडी करावयाची, हा प्रश्न निर्माण होतो. तो संगणक केंद्राकडे सोपवून मोकळे होण्याची आपली प्रथा आहे. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे तेच केले आणि त्याची किंमत मोजली.

२०१९ मध्ये एका संयुक्त प्रकल्पात जुन्या लावण्यांच्या व कटावांच्या हस्तलिखित चोपड्यांच्या प्रतिमा आमच्या विभागाने आपल्या खात्यात साठविल्या होत्या. सहयोगी विभागाला त्या दिसाव्यात म्हणून आम्ही सर्वांत सोपा मार्ग पत्करला : आमच्या खात्याची की ई-मेलने पाठवून दिली. की म्हणजे दोन अक्षरमालिका. एक वीस अक्षरांची, दुसरी चाळीस अक्षरांची. ज्याच्याजवळ ही जोडी, तो यंत्राच्या लेखी खातेदारच. वर्षभरात ती चार संगणकांवर पोचली. त्यांपैकी दोघे साहाय्यक प्रकल्प सोडून गेले होते. एके दिवशी कोणीतरी दुबार प्रती समजून सुमारे तीनशे पानांच्या प्रतिमा पुसून टाकल्या. आम्ही नोंदी तपासावयास गेलो, तेव्हा वस्तुनिहाय नोंदी ठेवण्याची सोय आम्ही चालूच केलेली नव्हती असे आढळले. ती चालू असती तरी तिच्यात एकच नाव सापडले असते, आमचे स्वतःचे. मूळ चोपड्या ज्या घराच्या होत्या त्या घराने तोवर परत नेल्या होत्या व पुन्हा देण्यास नकार दिला. त्या तीनशे पानांपैकी एकशे दहा पानांचे लिप्यंतर झालेले होते. उरलेल्या पानांत काय होते ते आता कोणासही सांगता येणार नाही.

कोणावर दोष ठेवावा असा हा प्रसंग नाही. की देऊन टाकताना आपण नेमके काय देत आहोत, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. पुढील विवेचन त्या अज्ञानातून निघाले आहे.

२

विवेचनासाठी अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही सेवा आधारभूत धरली आहे. ती मार्च २००६ मध्ये सुरू झाली. तिचे मुंबई येथील केंद्र २०१६ पासून कार्यरत असल्याने भारतीय संस्था तिचा वापर करताना आढळतात. आणि खाते या घटकाची सीमा तिच्यात विशेष रेखीव आहे. प्रत्येक खात्याला बारा अंकी क्रमांक असतो. खात्यात वस्तू ठेवण्यासाठी जे कोठार तयार करावयाचे, त्याला बकेट म्हणतात. बकेटीत प्रत्यक्षात कप्पे किंवा फोल्डर नसतात. वस्तूच्या लांबलचक नावातील आरंभीचा भाग सारखा असला की ती एकाच कप्प्यात असल्याचा भास तेवढा होतो. तथापि परवानगी त्या समान आरंभापुरती मर्यादित करता येत असल्याने हा भास उपयोगी आहे.

आता मूळ नियम पाहू. एकाच खात्याच्या आत एखाद्या व्यक्तीस वस्तू वाचावयाची असेल, तर एक परवानगी पुरते : एक तर त्या व्यक्तीच्या नावे परवानगी असावी किंवा बकेटीवर लावलेल्या पॉलिसीत त्या व्यक्तीचा निर्देश असावा. खाते बदलले की एका परवानगीने भागत नाही. वस्तूच्या मालकाने परक्या खात्यास होकार दिला पाहिजे आणि त्या परक्या खात्याच्या प्रशासकानेही आपल्या माणसास तेथे जाण्याची मुभा दिली पाहिजे. दोहोंपैकी एक होकार नसेल तर दार उघडत नाही. कोठेही स्पष्ट नकार लिहिलेला असेल, तर तो सर्व होकारांवर मात करतो.

हा दुहेरी होकार नवख्या माणसास कटकटीचा वाटतो. आमच्याकडून सगळे दिले आहे, तरी त्यांना दिसत नाही, ही तक्रार निम्म्या वेळा दुसऱ्या बाजूच्या होकाराच्या अभावातून उद्भवते. परंतु त्याचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. मालक म्हणतो : तुमच्या संस्थेवर माझा विश्वास आहे. संस्था म्हणते : आमच्यापैकी हा अभ्यासक या कामासाठी नेमला आहे. दोन विधानांचे कर्ते वेगळे आहेत आणि ती एकमेकांच्या वतीने करता येत नाहीत. परगावच्या ग्रंथालयात दुर्मिळ पोथी पाहावयाची असेल तर आपण विभागप्रमुखाचे पत्र घेऊन जातो. ग्रंथपाल पत्र पाहतो आणि आपल्या नियमांनुसार पोथी काढून देतो. पत्राने पोथीवर हक्क उत्पन्न होत नाही आणि ग्रंथपालाची नुसती उदारता आपल्या नेमणुकीची साक्ष देत नाही.

ग्रंथालयाचे हे साम्य आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. बकेटीतील वस्तूंची यादी पाहण्याची परवानगी आणि वस्तू उघडण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली बकेटीवर द्यावयाची, दुसरी बकेटीतील वस्तूंवर. सूची पाहता येते पण पोथी मिळत नाही, किंवा नाव अचूक ठाऊक असेल तर पोथी मिळते पण सूची चाळता येत नाही, असे दोन्ही प्रकार संभवतात. पॉलिसी लिहिताना या दोहोंतील एक गाळला जाणे ही नित्याची चूक आहे. लिहिण्याची आणि पुसण्याची परवानगी त्यांहूनही वेगळी. लिप्यंतर करणाऱ्याला प्रतिमा पुसण्याचा अधिकार असण्याचे काहीच कारण नसते. आमच्या चोपड्यांच्या बाबतीत तो अधिकार चौघांना होता, कारण आम्ही परवानगी दिलीच नव्हती; आम्ही स्वतःलाच देऊन टाकले होते.

३

परक्या खात्यास प्रवेश देण्याचे प्रमुख मार्ग दोन. पहिला, बकेटीच्या पॉलिसीत त्या खात्याचा किंवा त्यातील विशिष्ट व्यक्तीचा निर्देश करणे. दुसरा, आपल्या खात्यात एक रोल, म्हणजे भूमिका, तयार करून परक्या खात्यातील व्यक्तीस ती तात्पुरती धारण करू देणे. रोल या शब्दाची निवड कोणी केली ठाऊक नाही, पण नाट्याभ्यासकास ती नेमकी वाटेल. भूमिका धारण केली की धारण करणाऱ्याचे स्वतःचे अधिकार त्या अवधीपुरते मागे पडतात. त्याच्याजवळ भूमिकेचे तेवढे अधिकार उरतात. या भूमिकेत शिरताना त्याला एक अल्पकालीन ओळख मिळते. ती साधारणतः एक तासाची असते; कमीत कमी पंधरा मिनिटांची आणि जास्तीत जास्त बारा तासांची करता येते. अवधी संपला की ती निरुपयोगी. जुन्या मराठी कागदपत्रांत वाटेवरच्या चौक्या ओलांडण्यासाठी दस्तक दिले जाई, त्याच्याशी तिचे नाते आहे. आम्ही मात्र किल्ल्याच्या किल्ल्याच देऊन बसलो होतो.

पहिल्या मार्गाने येणारा अभ्यासक आपली ओळख कायम ठेवून येतो. त्यामुळे स्वतःच्या खात्यातील वस्तू थेट आपल्या बकेटीत नकलून टाकणे त्याला एकाच क्रियेत साधते. भूमिका धारण करून आलेल्यास ते सहजासहजी साधत नाही, कारण त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या कोठाराचे दार त्यालाच बंद असते, जोवर त्याच्या संस्थेने आपल्या बकेटीवर या भूमिकेस वेगळा होकार दिलेला नसतो. केवळ वाचन हवे असेल तर पहिला मार्ग सुटसुटीत. काम दीर्घ असेल, माणसे बदलणार असतील, तर दुसरा मार्ग श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे व्यक्तिनामाविषयी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. बकेटीच्या पॉलिसीत आपण परक्या खात्यातील एखाद्या व्यक्तीचे किंवा रोलचे नाव लिहितो, तेव्हा यंत्र त्या नावामागे एक अंतर्गत ओळखक्रमांक जोडून ठेवते. पुढे त्या खात्याने तो रोल काढून टाकला आणि त्याच नावाचा नवा केला, तर नाव तंतोतंत तेच असूनही प्रवेश मिळत नाही. पॉलिसी उघडून पाहावी तर नावाच्या जागी अक्षरांची एक अगम्य मालिका दिसते. हा दोष नव्हे, सावधगिरी आहे. नामसाम्य म्हणजे व्यक्तिसाम्य नव्हे, हे नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या काढताना मराठी संशोधनाला पुष्कळ परिश्रमांनी शिकावे लागले. यंत्राने ते पहिल्या दिवसापासून मानले आहे. याउलट, पॉलिसीत व्यक्तीऐवजी संपूर्ण खात्याचा बारा अंकी क्रमांक लिहिला, तर आतली माणसे निवडण्याचा अधिकार आपण त्या खात्याच्या प्रशासकावर सोपवितो. माणसे वरचेवर बदलतात अशा विभागांशी व्यवहार करताना हे सोयीचे. मात्र तो प्रशासक किती जागरूक आहे यावर आपली सुरक्षितता अवलंबून राहते.

शब्दार्थाचा आणखी एक सापळा आहे. या सेवेच्या जुन्या परवानगी-पद्धतीत सर्व प्रमाणित वापरकर्ते अशा अर्थाचा एक गट उपलब्ध आहे. अनेकांनी त्याचा अर्थ आपल्या संस्थेतील ओळख पटलेली माणसे असा घेतला. प्रत्यक्षात त्यात जगभरात ज्याचे ज्याचे या सेवेत खाते आहे तो प्रत्येक जण मोडतो. खाते तर कोणासही उघडता येते. एका विशेषणाचा विस्तार चुकीचा वाचल्याने सबंध संग्रह चव्हाट्यावर येण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

४

या सर्वांत बौद्धिकदृष्ट्या सर्वांत रोचक असा प्रश्न प्रतिनिधीचा आहे. नॉर्म हार्डी या संगणकशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एका छोट्या टिपणात गोंधळलेल्या प्रतिनिधीची गोष्ट सांगितली. अनेकांनी मिळून वापरावयाच्या एका संगणकावर एक भाषांतरक आज्ञावली होती. ती फोरट्रान भाषेतील मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवीत असे. किती वापर झाला याची आकडेवारी नोंदविता यावी म्हणून तिला स्वतःच्या कप्प्यात लिहिण्याचा विशेष अधिकार दिलेला होता. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या देयकांची फाइलही होती. आज्ञावली वापरणाऱ्यास काही पूरक माहिती कोणत्या फाइलीत उतरवावी ते सांगण्याची मुभा असे. एका वापरकर्त्याने तेथे देयकांच्या फाइलीचे नाव दिले. स्वतः त्याला त्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार नव्हता, पण आज्ञावलीला होता. तिने सांगितल्याप्रमाणे लिहिले आणि देयकांचा हिशेब नष्ट झाला. आज्ञावलीने कोणताही नियम मोडला नाही. तिला दोन धनी होते, आणि कोणता अधिकार कोणाच्या वतीने वापरीत आहोत, हे तिला कळत नव्हते.

मराठेशाहीतील मुतालिक या पदाची जाण असलेल्यास हा पेच अपरिचित वाटू नये. मुतालिक धन्याच्या नावे, धन्याच्या शिक्क्याने कारभार करी. शिक्का एकच, तो उमटविण्यामागची इच्छा कोणाची, हे कागदावरून कळत नसे.

आजच्या संशोधन-व्यवहारात हा प्रश्न असा उद्भवतो. समजा, प्रतिमांवरून लिपी ओळखून मजकूर तयार करून देणारी एखादी बाहेरची सेवा आपण घेतली. तिला आपल्या बकेटीतील प्रतिमा वाचता याव्यात म्हणून आपल्या खात्यात एक रोल केला आणि त्याचे नाव तिला कळविले. अशीच नावे तिला शेकडो ग्राहकांनी कळविलेली असतात आणि त्या सर्व भूमिका धारण करण्याचा अधिकार तिला असतो. आता दुसऱ्या एखाद्या ग्राहकाने स्वतःच्या रोलऐवजी आपल्या रोलचे नाव तिला दिले तर? रोलचे नाव गुप्त नसते, अंदाजानेही बांधता येते. सेवा प्रामाणिकपणे आपली भूमिका धारण करील, आपल्या प्रतिमा वाचील आणि मजकूर त्या दुसऱ्याच्या हाती ठेवील. तिच्या लेखी सगळे रीतसर झालेले असेल.

यावर उपाय म्हणून बाह्य ओळखखूण वापरतात. सेवेने प्रत्येक ग्राहकासाठी एक स्वतंत्र खूण स्वतः ठरवावयाची. ग्राहकाने आपल्या रोलच्या विश्वासपत्रात अशी अट घालावयाची की, ही भूमिका धारण करताना हीच खूण सांगितली गेली पाहिजे. दुसरा ग्राहक आपल्या रोलचे नाव पुढे करील तेव्हा सेवा त्याची खूण सांगेल, आपली नव्हे, आणि भूमिका नाकारली जाईल. येथे दोन बारकावे आहेत. ही खूण म्हणजे पासवर्ड नव्हे. ती गुप्त राहिलीच पाहिजे असे नाही. आणि ती ग्राहकाने निवडता कामा नये, कारण तशी मुभा असेल तर ज्याला फसवावयाचे आहे तो आपलीच खूण निवडील. गुप्ततेवर न विसंबता सुरक्षितता कशी उभी राहते, याचा हा नमुना म्हणून तो लक्षात राहावा.

५

प्रवेशाच्या प्रश्नाला चिकटूनच मालकीचा प्रश्न येतो. चोपड्यांच्या घटनेनंतर आम्ही की बदलली आणि सहयोगी विभागाला बकेटीच्या पॉलिसीद्वारे लिहिण्याची परवानगी दिली. लिप्यंतराच्या फाइली येऊ लागल्या. यादीत त्यांची नावे दिसत, पण उघडावयास जावे तर नकार. आमच्याच बकेटीतील, जिच्या साठवणीचे शुल्क आम्ही भरीत होतो ती फाइल आम्हाला वाचता येत नव्हती! त्या वेळच्या नियमानुसार वस्तू जो आणून ठेवील त्याच्या खात्याची राही. कोठाराचा मालक आणि वस्तूचा मालक भिन्न असू शकत. पाठविणाऱ्याने दर वेळी कोठाराच्या मालकास पूर्ण अधिकार देतो असे नमूद करावयाचे असे. आमच्या सहयोग्यांना ते ठाऊक नव्हते आणि आम्हालाही.

ही व्यवस्था पुढे बदलली. ऑक्टोबर २०२० मध्ये मालकी बकेटीच्या धन्याकडे वळविण्याची सोय आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वस्तूवरील जुन्या परवानग्या सर्वस्वी रद्द करून सर्व मालकी बकेटधारकाकडेच ठेवण्याचा पर्याय मिळाला. आणि एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटींसाठी तोच नेहमीचा नियम ठरला. त्यापूर्वीच्या बकेटी मात्र आपोआप बदललेल्या नाहीत. जुन्या प्रकल्पांच्या संग्रहांत आजही अशा दुहेरी मालकीच्या फाइली आढळू शकतात आणि त्या ठेवणारे खाते बंद झालेले असण्याचा संभव असतो. अशा संग्रहांची तपासणी त्यांचे कर्ते हयात व संपर्कात असतानाच करून घेणे इष्ट.

वस्तू कूटबद्ध करून ठेवली असेल तर एक गाठ अधिक सोडवावी लागते. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नवी वस्तू आपोआप कूटबद्ध होते; त्या साध्या प्रकारात परक्या खात्यास अडचण येत नाही. परंतु स्वतंत्र किल्ली-व्यवस्थापन सेवेतील किल्ली वापरली असेल, तर पोथी हाती येऊनही बासनाची गाठ सुटत नाही. किल्लीवरही तोच दुहेरी होकार लागतो. त्यातही सेवेने आपणहून पुरविलेल्या किल्लीचे नियम बदलता येत नसल्याने ती परक्या खात्यास देता येत नाही. त्यासाठी स्वतःची किल्ली आधीपासून निर्माण केलेली असावी लागते, आणि हे ध्यानात येते ते बहुधा हजारो पाने साठवून झाल्यावर.

अन्य कंपन्यांच्या सेवांत तपशील वेगळे आहेत. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण दुव्याच्या मार्गाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. ठरावीक मुदतीचा स्वाक्षरीयुक्त दुवा तयार करून तो पाठविणे, हा मार्ग सर्वत्र उपलब्ध आहे. एस-थ्रीमध्ये अशा दुव्याची कमाल मुदत सात दिवसांची आहे. परीक्षकास एखादे प्रकरण दाखवावयाचे असेल तर हे उत्तम. मात्र दुवा ज्याच्या हाती पडेल तो वाचक. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी प्रशिक्षणासाठीची काही सामग्री सर्वांसाठी खुली करताना आपल्या क्लाउडचा असा एक दुवा प्रसिद्ध केला. तो काही फाइलींपुरता न राहता संपूर्ण साठवण-खात्याचा होता, त्यात लिहिण्या-पुसण्याचे अधिकारही होते आणि त्याची मुदत २०५१ पर्यंतची होती. सुमारे ३८ टेराबाइट सामग्री त्यातून उघडी पडली असल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. देणाऱ्यांचा हेतू विद्येच्या प्रसाराचाच होता.

राहता राहिला समाप्तीचा प्रश्न. रोलला जोडलेली परवानगी काढून घेतली की चालू असलेल्या भूमिकाही लगेच निष्प्रभ होतात. परंतु केवळ विश्वासपत्रातून परक्या खात्याचे नाव वगळले, तर आधी दिलेली अल्पकालीन ओळख तिची मुदत संपेपर्यंत चालू राहते. उतरवून घेतलेल्या प्रती तर कोणत्याही पॉलिसीने परत येत नाहीत. त्यांचे नियमन करारातच व्हावे लागते. आमच्या विभागाच्या सहयोग-करारांना आता एक पुरवणी पान असते. त्यावर दोन्ही खात्यांचे बारा अंकी क्रमांक, रोलचे नाव, कोणत्या आरंभाच्या वस्तूंपुरता प्रवेश, वाचनाचा की लेखनाचाही, वस्तुनिहाय नोंदी आणि जुन्या आवृत्त्या जतन करण्याची सोय चालू असल्याची तारीख, सामग्री बाहेर नेण्याचे शुल्क कोणी भरावयाचे, आणि प्रवेश बंद होण्याचा दिवस, एवढे लिहिलेले असते. गेल्या खेपेस सहयोगी संस्थेच्या कुलसचिव कार्यालयाने हे पान अनावश्यक म्हणून परत पाठविले होते. ते पुन्हा पाठविले आहे.